भोगाच्या थाळ्या

"ठाकुरजींच्या तोंडावर भाजी वाढायची? वर खरकटंही तिथंच? जमणार नाही, सेठ." रुकमाबाईने कुंचला खाली न ठेवताच सांगून टाकलं.

बृजरतन सेठ तिच्या दुकानाच्या पायरीवर टेकले होते. समोर ठाकुरजी श्रीनाथजींच्या हवेलीचे, म्हणजे मंदिराचे, पट बंद होते. आत ठाकुरजींच्या जेवणाचा भोग लागला होता आणि पडदा ओढलेला होता, म्हणून दर्शनाची गर्दी गल्लीत खोळंबली होती. सेठही खोळंबले होते, नाहीतर ते कशाला या पायरीवर बसतात!

रुकमाबाई भिंतीवर टांगायच्या चिनी मातीच्या थाळ्या रंगवायची. त्यांवर ठाकुरजी असायचे: उचललेला डावा हात, कमळासारखे डोळे, हनुवटीवरचा हिरा. नाथद्वाऱ्यात आलेला माणूस ती थाळी छातीशी धरून घरी न्यायचा. सेठना मात्र तसल्याच थाळ्या आपल्या नव्या भोजनालयात जेवायला हव्या होत्या.

"अगं, जेवता जेवता दर्शन! पाहुणे खूश होतील."

"देव भिंतीवर शोभतो, डाळीखाली नाही."

सेठ ताडकन उठले. "फार शहाणपणा नको. हे दुकान कुणाचं, विसरलीस? हवेलीत असतं तस्संच काढायचं. एका रेषेचा फरक दिसला, तर भट्टीसकट रस्त्यावर फेकीन."

घरी रुकमाबाईचा नवरा भंवरलाल तिच्या मागेच लागला. "काढून दे बाई त्यांना! तुझ्या बापाच्या हातची भट्टी आहे. ती गेली तर खायचं काय?"

रुकमाबाईच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. तरी ती म्हणाली, "काढते. पण भट्टीतून निघेपर्यंत कुणी डोकावायचं नाही. तूसुद्धा."

भंवरलालने हुश्श केलं.

भोजनालय उघडलं त्या दिवशी अहमदाबादचे वैष्णव पाहुणे पंगतीला बसले. थाळ्या ऐन वेळी पोचल्या. रुकमाबाईने स्वतः गवतातून काढून, पुसून मांडल्या. सेठ मिरवत आले, खाली पाहिलं आणि जागीच थबकले.

काठावर गाई होत्या, कमळं होती. मधोमध फक्त लाल पडदा होता. चुणीन् चुणी रेखलेला, पूर्ण ओढलेला.

"ठाकुरजी कुठायत?" सेठ गरजले. "सटवे, फसवलंस मला! उद्याच्या उद्या दुकान खाली कर!"

दारातला भंवरलाल हात जोडून पुढे सरकला. पहिल्याच पाटावरच्या म्हाताऱ्या आजीबाई मात्र थाळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी थाळीच्या काठाला बोटं लावून तीच बोटं कपाळाला लावली. शेजारणीनेही तसंच केलं.

रुकमाबाई पदर खोचून सेठांच्या पुढ्यात उभी राहिली.

"ओरडू नका. हवेलीत असतं तस्संच काढलंय. ठाकुरजी जेवायला बसलेत, सेठ. आता पट बंद."