ढोमणे माणूस आहेत का?

सरपोतदारबाईंचं बोट ढोमण्यांच्या नावापुढच्या ‘काढून टाका’वर टेकलं होतं. सगळ्यांनी मिळून फुकट चालवलेल्या त्यांच्या संगणकावरच्या शुद्धलेखन-तपासनिसात यंत्रांनी धाडलेल्या गोडगोड दुरुस्त्यांचा असा लोंढा आला, की कंटाळून माणसं पळाली. उरले यवतमाळचे ढोमणे. काम बिनचूक, आणि काहीही सुनावलं तरी उत्तर एकच, ‘आपलं बरोबर आहे.’ माणूस असा वागतो का?

बाईंनी शेवटचं विचारलं, “‘करून राहिलो’ चूक म्हणून लाल रेघ मारते. चालेल?”

हेही यंत्र निघाले, तर उरणार त्या एकट्याच.

“काऊन जी बाई, अख्ख्या वऱ्हाडालेच चुकीचं ठरवता काय? इतके दिवस तुमचा मान ठेवून राहिलो होतो. आता नाही.”

बाईंनी तिथल्या तिथे दुरुस्त्या मंजूर करायचा अधिकार ढोमण्यांना दिला. हल्ली दोघांची अशी जुंपते, की पळालेली माणसं बाजू घ्यायला परतली. यंत्रं म्हणे आता खोकून आत येतात.