पिशवीतल्या चार पुंगळ्या

मार्व्हानं काडतुसाची सातवी रिकामी पुंगळी दिव्यासमोर धरली आणि पुन्हा एकदा आत डोकावून पाहिलं. बुडातलं भोक मधोमध नव्हतं. केसभरच, पण बाजूला सरकलं होतं. तिनं ती उरलेल्या सहांच्या शेजारी ठेवली.

"सात खराब," ती म्हणाली. "दर वेळी चार असतात."

शेजारचा डुएन तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. "मार्व्हा, घोडा घेतानासुद्धा कुणी इतके दात मोजत नाही गं. दारू भर, गोळी बसव, मोकळी हो. शिकारीचा सीझन आला तोंडावर."

"तुझ्या पिशवीत किती निघाल्या?"

"एकही नाही. मी बघतच नाही." तो हसला. मग म्हणाला, "नाही, खरंच. मागच्या वेळी तूच माझ्या शंभर तपासल्यास की. एक तरी सापडली का?"

सापडली नव्हती. तेच तर मार्व्हाला कळत नव्हतं.

ती काडतुसं घरीच भरायची. वडिलांच्या जुन्या रायफलीच्या मापाची पुंगळी आता फार कुणी बनवत नव्हतं. चार तासांवरच्या एका गावात बारा माणसांचा एक लहानसा कारखाना होता, तो बनवायचा; डुएनही तिथूनच घ्यायचा. वर्षाला एक एल्क, तिकडचं थोरलं हरीण, मिळाला की तिचा मांसाचा फ्रीझर भरायचा, मोंटानाचा हिवाळा निघायचा. ती प्रत्येक पुंगळी हातात घेऊन बघायची, कारण लहानपणी चिरलेल्या पुंगळीतून उडालेली आग भावाच्या गालावर आलेली तिनं पाहिली होती.

दोन वर्षांपूर्वी पहिल्या पिशवीत एक खराब निघाली. तिनं कारखान्याला पत्र टाकलं: तोंडाशी चीर आहे, नखाएवढी, उजेडात तिरकी धरली तरच दिसते. आठ दिवसांत नवी पुंगळी आली, सोबत चिठ्ठी. "मनापासून आभार. ऑरिन टेट, तपासनीस."

पुढच्या पिशवीत चार खराब. त्याच्या पुढच्या पिशवीतही चार. एकीचं तोंड चेपलेलं, एकीच्या भोकाला कड, दोन चिरलेल्या. पण चारच. उरलेल्या शेहेचाळीस अशा, की वजनात कुणी फरक काढून दाखवावा. तिनं प्रत्येक वेळी पत्र लिहिलं. प्रत्येक वेळी बदली माल आला आणि चिठ्ठीही आली. अक्षर दर वेळी जरा मोठं. मजकूर मात्र एकच: "चारच ना? नीट बघितल्यात?"

माल बनवणाराच गिऱ्हाइकाला असं विचारतो, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

या वेळी सात निघाल्या. तिनं तसं कळवलं. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. शेवटी तिनं सातही पुंगळ्या खिशात टाकल्या आणि गाडी काढली.

कारखान्याच्या दाराशी खोकी रचून ठेवली होती. देशभरातून परत आलेल्या पिशव्या, एकही फोडलेली नव्हती. आत दिव्याखाली एक तरुण बाई पुंगळ्या तपासत होती. तिच्यामागे खुर्चीवर साठीचा एक माणूस नुसताच बसला होता.

"ऑरिन टेट कोण?"

माणूस उठला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण जरासं बाजूला, तिच्या खांद्यापाशी. "मार्व्हा लिंडक्विस्ट?"

"कसं ओळखलंत?"

"एवढ्या लांबून स्वतः यायला दुसरं कोण बसलंय, बाई?"

तिनं सातही पुंगळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. "मला पैसे परत नकोत. मला फक्त हे सांगा, हे माझ्याच पिशवीत का निघतं? शेजाऱ्याच्या शंभरात एक नाही."

त्यानं पुंगळ्यांवरून अंगठा फिरवला. एकेक, सावकाश.

"तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी डॉक्टरकडे गेलो. ती चीर माझ्या हातून सुटली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाला, नजर जाणार. हळूहळू. कधी जाईल ते त्यालाही सांगता येईना. इथल्या कुणाला विचारलं असतं तर मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले असते. तुम्ही मला ओळखत नव्हता. आणि तुम्ही न बघता एकही भरणार नाही, हे त्या पत्रावरून कळलं होतं. म्हणून मी बाजूला काढलेल्या चार खराब पुंगळ्या तुमच्या पिशवीत घालायचो. तुम्ही चारच कळवल्या की समजायचं, बाकीचा माल साफ आहे. अजून दिसतंय आपल्याला."

"मुद्दाम?" मार्व्हाचा आवाज चढला. दिव्याखालची बाई वळून बघायला लागली. "मी रायफलीला गाल लावते, टेट! एखादी माझ्या नजरेतून सुटली असती तर?"

"चुकलंच माझं. मालकांनाही तसंच सांगितलंय. तुमचं हे शेवटचं पत्र आलं त्याच दिवशी काम सोडलं, आणि बाहेर गेलेला सगळा माल परत मागवला. या मुलीला शिकवून झालं की घरी."

मार्व्हाला पुढं बोलायचं होतं, पण राग एकाएकी ओसरला. तिनं त्याच्या हातातल्या पुंगळ्यांकडे पाहिलं.

"पण मग या वेळी सात का घातल्यात?"

"नाही, बाई," ऑरिन म्हणाला. "मी चारच घातल्या होत्या."