शेहेचाळीस नंबरचे बूट

"नाव राहू द्या. बुटाचा नंबर सांगा."

ब्राशोव्ह स्टेशनाच्या दारात खोल्या भाड्यानं देणाऱ्या बायका हिवाळाभर पुठ्ठ्याच्या पाट्या धरून उभ्या असतात. कोणाची खोली काळ्या चर्चजवळ, कोणाकडे दिवसभर गरम पाणी. वेतुरियाबाईंच्या हातात पाटी नव्हती. त्या गाडीतून उतरणाऱ्यांच्या पायांकडे बघत होत्या. आठवडाभरात चांगली चांगली गिऱ्हाइकं त्यांनी केवळ लहान पायांपायी सोडून दिली होती.

"शेहेचाळीस," समोरचा उंच म्हातारा म्हणाला. त्याला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं नाही. तोही खालीच बघत होता. परक्या गावच्या बर्फात शहाण्या माणसानं तसंच करावं.

"एकटेच?"

"एकटाच. हे गाव बर्फात बघायचं होतं बायकोला."

"मग आणायचं की तिला!" म्हणत बाईंनी त्याच्या बॅगेला हात घातला.

"बॅग मी घेतो," तो म्हणाला.

म्हाताऱ्याचं नाव योर्दाके. खाली डॅन्यूबकाठच्या गलात्स गावी गोदीत जन्म काढलेला. बाईंच्या श्केई वस्तीच्या चढावर पोचेपर्यंत त्यानं चर्च पाहिलं नाही, चौक पाहिला नाही, डोंगरावरची गावाच्या नावाची पांढरी अक्षरंसुद्धा पाहिली नाहीत. फाटकाशी शेजारीण सावेता फावड्यानं बर्फ ओढत होती. तिचे रबरी बूट मात्र त्यानं नीट पाहिले.

"अगं वेतुरिया, पाहुण्याला सांग, डोंगर वर असतो!" सावेता म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अजून सांगते, ते बूट माझ्या नवऱ्याला दे. पुढं वर्तमानपत्र कोंबू."

"ओक्ताव वर्तमानपत्र वाचायचा, सावेता. पायात घालून फिरायचा नाही."

ओक्ताव म्हणजे बाईंचा नवरा. डोंगरात अडकलेल्यांना खाली आणणाऱ्या पथकात आयुष्य गेलं त्याचं, आणि मेला तो घरात, खोकल्यानं. त्याला पुरताना काळ्या सुटावर शोभावेत म्हणून लग्नातले बूट घातले. ते लग्नातच चावत होते. त्यावर तो चाळीस वर्षं बोलत राहिला होता, आणि आता तेच घालून त्याला कायमचं चालायचं होतं. उपाय एकच. मेलेल्याच्या नावानं इथं जे दान द्यावं, ते त्याला तिथं मिळतं. पण घेणाऱ्यानं ते वापरायला हवं. मापाचा माणूस नसेल तर दान कसलं, ती अडगळ. आणि हे चाळीस दिवसांच्या आत झालेलं बरं. उद्या चाळिसावा. पाद्रीबाबांनीही बूट घालून पाहिले होते. त्यांचा पाय आत हरवला.

जेवायला घेवड्याचं सूप होतं. आधी आलुबुखाराची दारू. बाईंनी रिवाजाप्रमाणे गेलेल्यासाठी दोन थेंब जमिनीवर सांडले. पाहुण्यानंही सांडले. माणूस वळणाचा आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी चुलीमागून बूट आणले. तेल पाजलेले, नव्या नाड्या लावलेले. सगळी हकीकत सांगून त्याच्यापुढे ठेवले.

"घाला."

योर्दाकेनं बूट हातात घेतले, तळवे पाहिले, शिवण पाहिली. "चांगले आहेत. किंमत बोला."

"विकायचे असते तर बाजारात बसले असते."

"मी फुकट घेत नाही कोणाकडून."

"फुकट कुठं? माझ्या नवऱ्याचं भलं चिंतायचं. 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं. एवढंही महाग पडतं का गलात्सला?"

"पैसे घेणार नसाल तर नको."

"पैसे घेतले तर त्याला पोचणार नाहीत!" बाईंचा आवाज चढला. "ऐका साहेब. मी स्टेशनावर उभी राहिले ती काही खोलीच्या भाड्यासाठी नाही. खोली म्हणाल तर ती गळतेसुद्धा. उद्या सकाळच्या प्रार्थनेपर्यंत हे बूट कोणाच्या तरी पायात असणार. तुमच्या नसतील तर मी परत स्टेशनावर जाते. सूप गरम आहे तोवर संपवा."

आणि त्यांनी खरंच अंगावर कोट चढवला. एक बाही चढली, दुसरीत हात अडकला, तरी थांबल्या नाहीत.

योर्दाके त्यांच्याकडे बघत बसला. स्टेशन सोडल्यापासून त्यानं प्रथमच मान वर केली होती. मग तो वाकला. स्वतःचे पातळ शहरी बूट काढून भिंतीशी लावले, ओक्तावचे घातले, नाड्या आवळल्या आणि खोलीत एक फेरी मारली. फळ्या करकरल्या. महिनाभर त्या तशा करकरल्या नव्हत्या. बाई कोटाच्या एका बाहीत तशाच उभ्या राहिल्या.

"चावतात का?"

"नाही."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही. देव त्याला क्षमा करो," योर्दाके स्पष्ट आवाजात म्हणाला.

बाई खाली बसल्या. डोळे पुसायला पदर नसतो त्या देशात, त्यांनी रिकामी बाही वापरली. "झालं," त्या म्हणाल्या. "आता चर्च बघून या, चौक बघून या. बायकोला सांगायला काहीतरी हवं ना घरी गेल्यावर."

ओक्तावच्या बुटांनी दणदण चालत योर्दाके आत गेला आणि दिवसभर कोणाला हात लावू न दिलेली बॅग घेऊन आला. उघडली. आत कागदात गुंडाळलेले बायकी बूट होते. लोकरीचं अस्तर, बर्फासाठी जाड तळवे, आणि त्या तळव्यांना अजून धूळसुद्धा लागलेली नव्हती. त्यानं ते टेबलावर, सुपाच्या भांड्याशेजारी ठेवले. मग गुडघे टेकून बाईंच्या पायांशी बसला.

"तिचं नाव अग्लाया," तो म्हणाला. "बाई, तुमचा नंबर किती?"