दहाव्याचा शब्द

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि मशीनने पुन्हा तशीच लांब शिटी दिली. थांबलं, पुन्हा दिली. पडदा काळाच राहिला. तनयने बटण दाबून ते बंद केलं.

"बाबा, तो रडतोय," दारातून संपदा म्हणाली.

"रडत नाही. काय दुखतंय ते सांगतोय. तू खेळ जा."

ती अंगणात पळाली. स्वयंपाकघरातून बायकोचा, मंजुषाचा, आवाज आला, "आमचा मिक्सर वर्षभर तेच सांगतोय. त्याचं कोण ऐकतं?"

मशीन तनयच्या वडिलांचं, अण्णांचं होतं. पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीत कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देणारे पहिले गुरुजी तेच. जन्मवेळ सांगायची, चहा संपेपर्यंत छापील कुंडली हातात. संपदा जन्मली त्याच महिन्यात ते बंद पडलं. तनय नवं आणून देतो म्हणाला. अण्णा नको म्हणाले आणि पुन्हा पंचांग, पेन्सिल घेऊन बसले. साऱ्या गल्लीच्या पत्रिका त्यांनी हाताने मांडल्या. नातीची मात्र राहून गेली. मंजुषाने आठवण करून दिली, की "बघू" म्हणायचे.

बंद मशीन त्यांनी भंगारात देऊ दिलं नाही. पक्षाघाताने वाचा गेल्यावरही खाटेवरून त्याच्याकडे बोट करायचे आणि हात हलवायचे. चालू कर म्हणतात, असं तनयला वाटायचं.

दहाव्याला गंगेवर, गोदेच्या घाटावर, पिंड ठेवला, पण कावळा जवळ येईना. ऊन चढलं. काका म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, शब्द द्या. आईला सांभाळू, म्हणून झालं. नातीचं सगळं नीट करू, म्हणून झालं. त्यावर कावळा उडाला आणि लांब भिंतीवर जाऊन बसला. शेवटी तनयने थोडं ओशाळूनच हात जोडले.

"अण्णा, तुमचं मशीन मी चालू करतो."

बोलणं पुरं होतंय तोच कावळ्याने झेप घेतली आणि भाताला चोच लावली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आई शेजारीच उभी होती, डोळे मिटून.

तनय सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. पत्रिकांवर त्याचा विश्वास नव्हता. पण त्या झेपेने अंगावर आलेला काटा अजून गेला नव्हता. दिलेला शब्द पाळला, की तो जाईल असं त्याला वाटत होतं.

त्याने वीजपुरवठा तपासला. ठीक होता. पडद्याची केबल बदलली. डिस्प्ले कार्ड काढून, पुसून परत बसवलं. मशीन शिटी देतच राहिलं. मग त्याने वायरींचा गुंता बाजूला सारून आत टॉर्च मारला. सगळीकडे धुळीचा जाड थर होता. ज्या मेमरीच्या पट्टीशिवाय मशीन सुरूच होत नाही, त्या रॅमची जागा रिकामी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खिट्या नीट उघडलेल्या होत्या.

रॅमची पट्टी आपोआप पडत नाही. कुणाला तरी ती काढावी लागते.

आई चहा घेऊन आली.

"आई, हे मशीन कुणी उघडलं होतं?"

तिने कप खाली ठेवला. देवघरात गेली आणि अण्णांचा जानव्यांचा डबा घेऊन आली. जानव्यांच्या खाली कागदात गुंडाळलेली हिरवी पट्टी होती. ती तिने त्याच्या हातात दिली.

"त्यांनीच काढली. संपदाच्या बारशाला."

"बारशाला? का?"

"पंगत बसली होती. हे आत तिची पत्रिका मांडत होते. बाहेर आले ते जेवलेच नाहीत. पाहुणे गेल्यावर म्हणाले, मांडलेली पत्रिका पुसायची नसते. माझ्याच्याने पुसवतही नाही. मग मशीन उघडलं, ही काढली आणि मला म्हणाले, ठेव."

"काय आलं होतं तिच्या पत्रिकेत?"

"मी विचारलं नाही."

अंगणात संपदा एकटीच लंगडी खेळत होती. फरशीवर पाय आपटल्याचा आवाज येत होता. मधेच थांबत होता, पुन्हा येत होता.

तनयने पट्टीची कड पुसली आणि ती जागेवर दाबली. खिट्या कट्‌कन बसल्या. त्याने बटणावर बोट ठेवलं.

"हे सगळं थोतांड आहे, आई."

"असू दे."

"तसं नाही. मी शब्द दिलाय अण्णांना. तू होतीस ना तिथे? मी बोललो आणि कावळा शिवला."

आईने त्याच्या बोटाकडे पाहिलं.

"त्याच वेळी मीही बोलले होते, तनू. मनातल्या मनात."

"काय?"

"मी जिवंत आहे तोवर हे चालू होऊ देणार नाही म्हणून."