कंदुरीचे चार पीस

काकासाहेबांनी शेतातल्या पिराला नवसाची कंदुरी केली. बोकड कापला, पार वाटूर गावापर्यंतची माणसं जेवून गेली आणि पातेल्यात मटणाचे चार पीस उरले. कंदुरीचं मटण घरी न्यायचं नाही, टाकायचंही नाही आणि शेवटचा घास पाहुण्यानंच खायचा, ही रीत. पातेलं रिकामं झाल्याशिवाय नवस फिटत नाही. म्हणून त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईनं, त्यातच वाळलेली चवळी शिजवली, चांगला रस्सा केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माणसं बोलावली. माणसांनी भाकरी चुरून पोटभर खाल्लं. चवळी संपली. पीस मात्र कुणी उचलले नाहीत. शेवटचं आपण कसं खावं?

मी गेलो तो आठवा दिवस होता. रस्सा इतका फक्कड, की मी तीनदा मागून घेतला.

"पीस घ्या की हो," काकासाहेब अक्षरशः हात जोडून म्हणाले.

"न्हाई न्हाई, मागून कुणी येईल. राहू द्या."

सगुणाबाईनं उद्याची चवळी भिजत घातली. दोघांची अंथरुणं तिथंच लिंबाखाली गुंडाळून ठेवलेली होती.

निघताना मी सहज विचारलं, "नवस कशाचा होता?"

काकासाहेबांनी बांधापलीकडच्या कोऱ्या, कुलूपबंद घराकडं बोट केलं.

"घर बांधून झालं, की आधी कंदुरी फेडू, मंगच आत राहायला जाऊ, असं बोलल्तो."