कमानीचा मध्य

वाटणीत सुतारखान्याच्या मधोमध प्लायची भिंत आली आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. काल ह्यांनी त्या भिंतीवर टकटक केली.

"दादा, कमानीची पट्टी करायचीय. लाकूड कोरायचा राउटर दांडीला बांधून कंपाससारखा फिरवायचाय, पण दांडीचा खिळा तुझ्या बाजूला पडतोय."

"मग मधलं दार उघड की. कडी तुझ्याच बाजूला आहे."

दार उघडलं. मोठे दीर खिळ्यावर अंगठा दाबून उकिडवे बसले.

"सावकाश फिरव. घाई ही तुझी जुनी खोड."

"हो."

"एवढी मोठी कमान कुणाच्या घरची रे?"

"आहे एक गिऱ्हाईक."

मी चहा ठेवायला उठले. गिऱ्हाइकाने सरळ पट्टी सांगितली होती.