खडूवर चढलेली शाई

मुरुमच्या बाजारात कल्याणप्पांच्या काळ्या शाईच्या पुडीला तोड नव्हती. तिच्यात काय काय पडतं हे घरातल्या पुरुषांनीच जाणायचं. लेक आज ना उद्या सासरी जाणार, म्हणून त्यांच्या शिवकांताला शाई बनवायच्या खोलीचा उंबरा ओलांडायचीही मनाई होती.

आठवीतल्या त्याच शिवकांतानं नव्या हायस्कुलाच्या पहिल्या विज्ञान प्रदर्शनात घरच्या शाईचा ठिपका पांढऱ्या खडूला लावला आणि ठिपका भिजणार नाही इतक्याच पाण्यात खडू उभा केला. पाणी खडूतून वर चढू लागलं. काळ्या ठिपक्यातून आधी तांबडा पट्टा सुटला, मग निळा.

प्रदर्शन बघायला आलेल्या कल्याणप्पांच्या कानाशी त्यांचा धाकटा भाऊ पंचाक्षरी फणफणला, "अण्णा, तुमी पोरीला सांगितलं! घरची रीत मोडलीत!"

"म्या कायबी सांगितलं न्हाय. गप बघत ऱ्हा."

पाणी आणखी वर गेलं, तशी सगळ्यांच्या वर एक बारीक पिवळी कड उमटली.

"ह्यो पिवळा कुठला?" पंचाक्षरी चक्रावला. "आपण तर दोनच रंग मिसळतो."

कल्याणप्पांनी डोईचा पटका सारखा केला. चिमूटभर पिवळी पूड ते दार लावून, स्वतःच्या हातानं टाकत. पंचाक्षरीनं एकट्यानं केलेली शाई दरवेळी जांभळट उतरायची ती ही पूड नसल्यामुळंच.

"त्यो तर म्या तुला बी सांगितला नव्हता," सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "माझ्या लेकीनं हुडकला."